आजीची गोष्ट कागदावर उतरवू या

जबलपूरच्या आपल्या मराठी घरांत मुलं गणपतीच्या आरत्या धडाधड म्हणतात. त्यांनाच 'शाळेत आज काय गंमत झाली, सांग' म्हणा. दोन वाक्यांत गाडी हिंदीवर जाते आणि चौथ्या वाक्याला थांबते. पुढचं मोबाइलमध्ये दाखवतात.

हिंदीचं दुःख नाही. हिंदी आपलीच आहे. काळजी आहे ती गोष्ट रचून, रंगवून सांगणंच सुटत चालल्याची.

आणि तेही या गावात! हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाईंनी इथे बसून भल्याभल्यांची फिरकी घेतली. घरी मराठी बोलणारे कवी मुक्तिबोध इथल्या शाळेत शिकवत. ते हिंदीत लिहीत, त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत. जवळच्या दमोह जिल्ह्यात, पथरियाला, १८७१ साली माधवराव सप्रे जन्मले. त्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. १९०१ मध्ये त्यांनी लिहिलेली 'एक टोकरी भर मिट्टी' हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये गणली जाते.

ती कथा मुलांना जरूर सांगा. जमीनदारानं एका विधवेची झोपडी बळकावलेली असते. नात जेवत नाही म्हणून, चूल घालायला ती तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलून द्यायची त्यालाच विनंती करते. टोपली जागची हलत नाही. एक टोपली उचलवत नाही, तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार, एवढंच ती विचारते. जमीनदार वरमतो, झोपडी परत देतो. अन्यायावर पानभर भाषण ठोकण्यापेक्षा टोपली भारी पडते. चांगलं लिहिणं म्हणजे अशी टोपली सापडणं, असं मला वाटतं.

आपल्या घरांत अशा टोपल्या आहेत. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेव्हा कुणी आलं असेल. पुढे कुणी रेल्वेत आलं, कुणी गन कॅरेज फॅक्टरीत. कोण कुठून आलं, पहिलं बिऱ्हाड कुठे मांडलं, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता थकली आहेत. त्यांच्यानंतर विचारणार कुणाला?

आपल्याला एक मोठी सोय आहे. परदेशातल्या मराठी आईबापांना आधी लिपीच शिकवावी लागते. आपली मुलं शाळेतच देवनागरी गिरवतात. अर्धी वाट चालून झालेली आहे!

तेव्हा आजीला, काकांना बोलतं करा. मोबाइल आहेच, आवाज टिपून ठेवा. मग मुलांनी ते लिहावं, आजी बोलते तसंच. मध्ये हिंदी शब्द आले तर येऊ द्या. शुद्धलेखनाचा दंडुका नंतर काढू. लिहिलेलं मोठ्यानं वाचा. ऐकणारा जिथे चुळबुळतो, तिथे कात्री लावा. गणपतीच्या कार्यक्रमांत नाचगाण्यांच्या जोडीला मुलांच्या गोष्टींना अर्धा तास मागू या. मंडळं नाही म्हणणार नाहीत.

येत्या रविवारी जेवणं झाली, की टीव्ही बंद करा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, 'तुम्ही जबलपूरला कसे आलात?' वही-पेन मात्र नातवंडाच्या हातात द्या.