वर 'वंशावळी' असंच लिहिलंय, साहेब

आम्ही राहतो रायापूरला, हुबळी आणि धारवाडच्या बरोबर मध्ये. आज्जा रेल्वे वर्कशॉपच्या नोकरीसाठी हुबळीला आले आणि इकडचेच झाले. पण त्यांच्या वाटणीची तेवीस गुंठे जमीन राहिली चंदगड तालुक्यात. आज्जा गेले, आणि त्या तेवीस गुंठ्यांवर बाबा आणि काकांची नावं लावायचं काम माझ्याकडं आलं. "तू पॉलिटिकल सायन्स शिकतोस ना, मग जा" असं काका म्हणाले. जणू काही आमच्या सिलॅबसमध्ये वारस नोंद आहे.

इकडून वंशावळी काढली. ती अर्थातच कन्नडमध्ये. ती घेऊन तिकडच्या कार्यालयात गेलो. समोरच्या माणसानं कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "हे मला वाचता येत नाही, मराठीत भाषांतर करून नोटरी करून आणा." बाबा म्हणाले, "साहेब, वर 'वंशावळी' असंच लिहिलंय. शब्द आपलाच आहे, अक्षर फक्त कन्नड आहे." तो हसला, पण कागद परत दिलाच. मला त्याचा राग आला नाही. न वाचता येणाऱ्या कागदावर त्यानं सही का करावी? भाषांतर करून नेलं तर दुसरी अडचण. उताऱ्यावर आज्जांचं घरातलं लाडकं नाव, आणि इकडच्या कागदावर शाळेतलं नाव. दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र. एकूण चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला बाबांची एक रजा.

या फेऱ्यांमध्ये बसमध्ये बसून मी एक गंमत शोधली. १९५६ आधी चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार म्हैसूर राज्यात गेले, आणि एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे माझ्या आज्जांच्या लहानपणी चंदगड आणि धारवाड दोन्हीकडं एकच कायदा होता, १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा. त्याच्याही आधी गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात बसवलेली मोजणीची पद्धत पुढं धारवाडकडं आली. सर्व्हे नंबर, हिस्सा, आकार, सगळं एकाच साच्यातलं. नंतर म्हैसूरनं १९६४ ला आपला जमीन महसूल कायदा केला, महाराष्ट्रानं १९६६ ला आपला. तिकडं सातबारा, इकडं पहाणी. भावंडं वेगळी राहायला लागली, एवढंच.

रक्त मात्र एकच आहे. आमच्याकडचा शेतकरी कन्नड बोलतानाही पहाणीला 'उतार' म्हणतो. पोटखराब्याला 'फूट खराब' म्हणतो. पोटहिस्सा वेगळा करायच्या कामाला 'पोडी' म्हणतात, आपली फोडच ती. आणि कर्नाटक सरकारनं मोजणीसाठी जी संगणक प्रणाली केली तिचं नावच 'मोजिणी' आहे. बेंगळुरूत बसून कुणीतरी हे नाव ठेवलं, आणि त्यावर कुठंही मोर्चा निघाला नाही.

फरक आहे तो बारीकसारीक. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, आमची पहाणी एकर-गुंठ्यात. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच. खरी अडचण लिपीची, नावं लिहायच्या पद्धतीची, आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात तपासायची सोय नसल्याची. कर्नाटकाची 'भूमी' आणि महाराष्ट्राचं 'महाभूलेख' दोन्ही ऑनलाइन आहेत. २०२० च्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजायच्या पहिल्या टप्प्यात दोन्ही राज्यं होती. यंत्रं आहेत, ती एकमेकांशी बोलत नाहीत. कर्नाटकात काढलेल्या वंशावळीचा नंबर टाकून तिकडच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला (आपल्या भाषेत तलाठ्याला) ती देवनागरीत बघता आली असती, तर बाबांच्या चार रजा वाचल्या असत्या. निपाणी-कागल पट्ट्यात तर घर एका राज्यात आणि रान दुसऱ्या राज्यात अशी माणसं आहेत. त्यांच्या फेऱ्या कोण मोजणार?

आता मुद्दा, ज्यावर आपल्यातच वाद होतो. मी हे कॉलेजच्या कट्ट्यावर बोललो तेव्हा बेळगावचा एक मित्र चिडला. "कर्नाटकाशी कागदपत्रांचा करार करायचा म्हणजे सीमा मान्य केल्यासारखंच की! २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो काय चेष्टा आहे?" त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आमचं रायापूर ८६५ गावांत नाही, त्यामुळं मला हे बोलणं सोपं आहे, हेही कबूल.

पण त्याला मी कोसोव्होचं उदाहरण दिलं. १९९९ मध्ये सर्बियाचं सैन्य आणि प्रशासन तिथून निघालं तेव्हा जमिनीची मूळ दप्तरं सोबत घेऊन गेलं. मागं राहिलेल्या लोकांच्या घरा-शेताचा पुरावा दुसऱ्या देशात. सर्बिया कोसोव्होला देश म्हणून आजही मान्यता देत नाही. तरीही युरोपीय संघाच्या मध्यस्थीनं २ सप्टेंबर २०११ ला दोघांनी ठरवलं की १९९९ आधीच्या नोंदी स्कॅन करायच्या, कोसोव्होतल्या नोंदींशी ताडून बघायच्या आणि प्रती द्यायच्या. अंमलबजावणी पुढं फार रखडली, ते खरं. पण या करारामुळं सर्बियानं आपला दावा सोडला नाही. जे देश एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत ते दप्तराबद्दल बोलू शकतात, तर एकाच संविधानाखालच्या दोन राज्यांना काय झालं?

बोलायला जागा नाही, हे मात्र थोडं खरं आहे. सीमेचे वाद आणि भाषिक अल्पसंख्याकांचे प्रश्न चर्चेला घ्यायला १९५६ च्याच कायद्यानं विभागीय परिषदा काढल्या. महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, कर्नाटक दक्षिण परिषदेत. ज्यांचं भांडण आहे ते दोघे एका टेबलावरच नाहीत! पण त्याच कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद आहे. शिवाय १४ डिसेंबर २०२२ ला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून प्रत्येकी तीन, अशा सहा मंत्र्यांची समिती करायचं ठरवलं होतं. जमिनीच्या नोंदी हा राज्यांच्या यादीतला विषय, त्यामुळं दिल्लीची वाट बघायचीही गरज नाही. दोन महसूल खात्यांनी एकमेकांचे वारस दाखले आणि उतारे दोन्ही लिप्यांत मान्य करायचं ठरवलं, की बरंच काम झालं.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. संविधानाचं ३५० वं कलम सांगतं की तक्रार निवारणाचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. मी दोन अर्ज तयार केलेत. कर्नाटकाच्या महसूल खात्याला मराठीत, महाराष्ट्राच्या महसूल खात्याला कन्नडमध्ये. कन्नडचा अर्ज माझ्या वर्गमैत्रिणीनं तपासून दिला, तिला त्यात सतरा चुका सापडल्या. तुमच्या घरी असा अडकलेला उतारा असेल तर कुठला कागद, कुठल्या कारणानं, किती फेऱ्या, एवढं खाली लिहा. अर्जाला जोडतो.