कशाला पाहिजे, हे विचारणारा दुकानदार हवा

सांगलीत माझं काष्ठौषधीचं दुकान आहे, आजोबांपासून चालत आलेलं. जुनी गिऱ्हाइकं ठरलेली: वैद्यांची चिठ्ठी घेऊन येणारी, बाळंतिणीसाठी डिंक-अळीव नेणारी, खोकल्याला ज्येष्ठमध मागणारी. अलीकडे त्यांत कॉलेजची पोरं दिसू लागली आहेत. मोबाइलवर एखाद्या झाडाचं लॅटिन नाव उघडून विचारतात, "काका, हे हाय का? ओढायला चालतंय म्हणे." मी विचारतो, "कशाला पाहिजे?" उत्तर बहुधा एकच असतं, "काय नाय हो, नॅचरलच हाय की."

मला बोलायचं आहे ते या उत्तराबद्दल. झाडापासून आलेलं म्हणजे निरुपद्रवी, हा समज एकट्या पोरांचा नाही. आपणच तो पसरवला आहे. 'साइड इफेक्ट नाही, आयुर्वेदिक आहे' असं आमच्यापैकी कितीतरी दुकानदार दिवसभर म्हणतात. त्याच वाक्याच्या आडोशाने आज धुराचा बाजार उभा राहिला आहे.

माझ्या दुकानातलाच माल घ्या. बिब्बा देताना आम्ही बजावतो, उघड्या हाताने फोडू नका, उततो. बचनाग शुद्ध केल्याशिवाय औषधात जात नाही, कारण तो जीव घेऊ शकतो. कुचल्यात स्ट्रिक्नीन असतं. औषध नियमांत 'ई-१' नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात बचनाग, कुचला, बिब्बा, गुंज, जमालगोटा, रुई, कण्हेर, भांग आणि धोतरा ही सगळी मंडळी आहेत. यांतलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. पुडीत सुटी बांधून दिलेल्या मालावर मात्र काहीच छापलेलं नसतं. तिथे इशारा असतो तो दुकानदाराच्या तोंडी, द्यायची इच्छा असली तर.

पोरं पुढचा मुद्दा काढतात, "पण आयुर्वेदात धूमपान आहेच की." आहे. सर्दी-कफावर हळदीची धुरी आमच्याकडे आजही लोक घेतात, आणि सांगली तर हळदीचीच पेठ. पण चरकाने धूमपान सांगताना ते कधी घ्यावं याच्या वेळा सांगितल्या, कोणी घेऊ नये हे सांगितलं आणि अवेळी वा अति घेतलं तर बहिरेपण, अंधत्व, रक्तपित्त, भोवळ असे परिणामही सांगितले. वाग्भटाने तर अठरा वर्षांखालच्यांना ते वर्ज्यच केलं. ग्रंथातली परवानगी वाचायची आणि अटी गाळायच्या, ही लबाडी आहे.

धोतऱ्याचं उदाहरण बघा. दम्यावर त्याचा धूर घेण्याची रीत आपल्याकडे होती. 1802 च्या सुमारास मद्रासमधून ती ब्रिटनला गेली, आणि पुढे शंभरावर वर्षं युरोप-अमेरिकेत दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपीनने श्वासनलिका सैल होतात, हे खरं. पण तेच अ‍ॅट्रोपीन आणि सोबतचं स्कोपोलामीन माणसाला भ्रमिष्टही करतं. तोंडाला कोरड पडते, अंग तापतं, बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते, समोर नसलेली माणसं दिसू लागतात. एका झाडात द्रव्य किती आणि शेजारच्या झाडात किती, याचा भरवसा नाही. पान, बी, ऋतू यांप्रमाणे ते बदलतं. म्हणून तराजूवर तोलून दिलेला माल 'मापात' आहे असं मी स्वतः छातीठोकपणे सांगू शकत नाही, मग गल्लीतला पुरवठादार कुठून सांगणार? आणि निव्वळ साधा पाला जाळला, तरी कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर व्हायचं चुकत नाही. फुप्फुसाला तंबाखू आणि तुळस यांतला फरक फारसा कळत नाही.

आता 'डीएमटी' या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचं नाव कानावर येऊ लागलं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या विधीतलं पेय, आध्यात्मिक अनुभव, जडीबुटीत मिसळून ओढायचं मिश्रण, अशी त्याची जाहिरात होते. विधीतलं पेय हे जाणत्याच्या देखरेखीखाली, पथ्य पाळून घेतलं जातं. ते सगळं वगळून फक्त धूर उचलायचा, हा आपला उद्योग. मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्याला असा एक अनुभव कायमचा महागात पडू शकतो.

शिवाय कायदा. डीएमटी हा अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतला मनोप्रभावी पदार्थ आहे. जडीबुटीत मिसळलं की तो सौम्य होतो असं पोरांना वाटतं. कायद्यात नेमकं उलटं घडतं. सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात 22 एप्रिल 2020 रोजी स्पष्ट केलं, की अमली पदार्थात मिसळलेल्या निरुपद्रवी वस्तूचं वजनही धरायचं. म्हणजे चिमूटभर द्रव्यात मूठभर पाला घातला, तर आरोप मूठभराचा. मिश्रण व्यापारी प्रमाणात गेलं, तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि लाखाचा दंड. 'हर्बल' म्हणून ओढणाऱ्या किती मुलांना हे कोणी सांगितलं असेल?

आमच्या भागात बातम्या गाजतात त्या कारखान्यांच्या. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडात एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा साठा पकडला, मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळजवळच्या इरळीत कारखाना उघडा पाडला, जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत तेच सापडलं. साताऱ्याकडचं जावळी खोरंही सुटलं नाही. या कारवायांचं कौतुक आहेच. पण कारखाना हा पुरवठ्याचा भाग झाला. मागणी तयार होते ती 'यात काय होतंय, झाडपालाच तर आहे' या पहिल्या झुरक्यापाशी, आणि तिथे छापा घालता येत नाही.

तिथे लागतो तो विचारणारा माणूस. कुरिअरने येणारं पाकीट काही विचारत नाही. त्यावर 'सुगंधासाठी' किंवा 'मानवी सेवनासाठी नाही' असं छापलेलं असतं, आणि विकणारा हात झटकतो. अन्न व औषध प्रशासनाने 'ई-१' यादीतल्या कच्च्या मालाच्या ऑनलाइन विक्रीवर नोंदवहीची अट घालावी: कोणी नेलं, किती नेलं, कोणाच्या चिठ्ठीवर. आम्हा पेठेतल्या दुकानदारांनी त्यासाठी सरकारची वाट बघू नये. चिठ्ठीशिवाय ही द्रव्यं द्यायची नाहीत, अल्पवयीनाला तर नाहीच, हे आपसांत ठरवायला एक बैठक पुरे. गिऱ्हाईक तुटेल, हे मान्य. माझंही तुटलं आहे.

आणि पालकांना सांगणं एवढंच, की पोरगं अडकलं आहे असं दिसलं तर अब्रूच्या भीतीने दडवू नका. स्वतःहून उपचारांना तयार होणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम 64-अ एनडीपीएस कायद्यातच आहे. अट इतकीच, की उपचार मान्यताप्राप्त ठिकाणी घ्यायचे आणि अर्ध्यावर सोडायचे नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात उभं केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्तीचं काम करत आलं आहे, आणि 14446 ही केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे. पोलीस दारात येण्याआधी हा नंबर फिरवला, तर कायदाही तुमच्या बाजूने उभा राहू शकतो.