छत्री आहे, पण पावसात उघडायची नाही!

जगात मंदी आली की दोन गोष्टी हमखास होतात. शेअर बाजार आपटतो आणि कुठल्यातरी पंचतारांकित हॉटेलात परिषद भरते. मंत्री, उद्योगपती, ग्रुप फोटो आणि शेवटी 'प्रादेशिक सहकार्य' दृढ करण्याचा ठराव. नोव्हेंबर २००८ मध्ये लिमाला जमलेल्या एपेकच्या नेत्यांनी तर मुदतच दिली. म्हणे, १८ महिन्यांत संकट पार करू! १८ महिने भरले मे २०१० मध्ये, आणि तेव्हा ग्रीसला वाचवायची धावपळ चालू होती. असो.

फोटो काढायला माझी ना नाही. माझा प्रश्न एवढाच, की शेजारी बुडत असताना त्याला पैसे मिळाले का?

१९९७ आठवा. २ जुलैला थायलंडने बाथ सोडून दिला, मग इंडोनेशिया कोसळला, मग दक्षिण कोरिया. जपान म्हणाला, आशियाचा स्वतःचा नाणेनिधी काढू. अमेरिकेने विरोध केला, चीननेही साथ दिली नाही, विषय संपला. पुढे कोरियात सुमारे ३५ लाख लोकांनी लग्नाच्या अंगठ्यांसकट घरातलं सोनं देशासाठी काढून दिलं.

मग मे २००० मध्ये चिआंग माईला आसियान, चीन, जपान आणि कोरियाने ठरवलं की अडचणीत एकमेकांना डॉलर पुरवायचे. वा! पण अट बघा. १० टक्के लगेच, बाकीचे ९० टक्के आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम मान्य केल्यावर. म्हणजे शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जावं आणि तिने म्हणावं, आधी सावकाराची चिठ्ठी आणा!

२००८ पर्यंत १० चे २० टक्के झाले होते. त्या ऑक्टोबरच्या २४-२५ तारखेला बीजिंगमध्ये आशिया आणि युरोपच्या नेत्यांची शिखर परिषद झाली. कोरियाचा वॉन घसरतच होता. २९ तारखेला त्याला ३० अब्ज डॉलरची सोय करून दिली कुणी? अमेरिकेच्या फेडने. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या वेळी, पुन्हा तेच. फक्त आकडा ६० अब्ज.

चिआंग माईचा निधी २०१४ पासून २४० अब्जांचा आहे. नाणेनिधीशिवाय मिळणारा हिस्सा २०२१ पासून ४० टक्के. आणि आजवर त्यातला एक डॉलरही कुणी उचललेला नाही. टेस्ट रन मात्र नेमाने होतात! आमच्या धंद्यात असे बॅकअप भरपूर बघायला मिळतात. ड्रिल झकास पास, आणि सर्व्हर खरोखर पडला की सगळे दुसऱ्याच व्हेंडरला फोन लावतात.

तुम्ही म्हणाल, अटींशिवाय पैसे दिले तर बुडतील. बरोबर, अटी हव्यातच. पण सभासदांचे हिशोब तपासायला सिंगापुरात २०११ पासून यांचीच 'आम्रो' ही संस्था बसलीये ना? तिच्या शब्दावर पैसे सोडायचे नसतील, तर तिला पोसायचं कशाला?

आपल्याकडे उलटं आहे. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही. तरी जानेवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्कच्या चलन-अदलाबदल व्यवस्थेतून श्रीलंकेला ४० कोटी डॉलर दिले. नाणेनिधीचं कर्ज मंजूर व्हायला मार्च २०२३ उजाडला. रक्कम छोटी होती, दिवाळखोरी टळली नाही, मान्य. पण फोटोशिवाय पैसे पोचले.

तेव्हा पुढच्या परिषदेत ठराव एकच करा: ती चिठ्ठीची अट काढा. जमत नसेल, तर निदान 'सहकार्य' हा शब्द तरी वापरू नका.