सपाट केलेली वाट

पॅरिस शहराच्या मध्यभागी ‘प्लास द ला काँकॉर्ड’ नावाचा विस्तीर्ण चौक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात येथे गिलोटिन उभे होते. 1793 साली राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद येथेच झाला. रक्ताचा तो इतिहास मागे पडावा म्हणून पुढे या चौकाला सलोखा या अर्थाचे नाव मिळाले. 28 ऑगस्ट 2024 च्या सायंकाळी त्या नावाला शोभेल असे दृश्य तेथे साकारले. दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिंपिक स्पर्धेचे उद्घाटन या चौकात झाले. हा सोहळा क्रीडागाराच्या भिंतींबाहेर, भर शहरात साजरा होण्याची ही पहिलीच वेळ होती.

सूर्य मावळतीला आला असताना शाँझेलिझे या राजमार्गावरून खेळाडूंचे संचलन सुरू झाले. कोणी चाकाच्या खुर्चीवर, कोणी कुबड्यांच्या आधाराने, कोणी कृत्रिम पायावर, तर कोणी सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. भारताच्या 84 खेळाडूंच्या पथकाचा ध्वज भालाफेकपटू सुमित अंतिल आणि गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव यांच्या हाती होता. सुमित यांनी रस्त्यावरील अपघातात एक पाय गमावलेला; भाग्यश्री चाकाच्या खुर्चीवर. नांदेडच्या या कन्येने जगातील एका अतिप्रसिद्ध रस्त्यावरून तिरंगा नेला, हे महाराष्ट्रासाठी विशेष अभिमानाचे होते.

दिव्यांची रोषणाई आणि संगीत यांच्या झगमगाटात एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होणारी होती. ती होती पायाखालची जमीन. हा राजमार्ग आणि हा चौक दगडी फरसबंदीचा आहे. पायी फिरणाऱ्याला त्या फरशीचे कौतुक वाटते. चाकाच्या खुर्चीला मात्र तिची प्रत्येक फट अडवते. म्हणून संचलनाच्या वाटेवर डांबराच्या सपाट पट्ट्या घालण्यात आल्या होत्या. त्या पट्ट्यांसाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या नसत्या तर तो सोहळा अनेकांसाठी हालअपेष्टांचा प्रवास ठरला असता.

या सपाट वाटेपर्यंत पोहोचायला बराच काळ जावा लागला. 29 जुलै 1948 रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयाच्या आवारात डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या 16 माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्या 16 जणांमध्ये दोन स्त्रियाही होत्या. पॅरालिंपिकचे बीज ते हेच. पॅरिसच्या सोहळ्याची ज्योतही स्टोक मँडव्हिललाच प्रज्वलित करून आणली होती. 1960 साली रोममध्ये पहिली पॅरालिंपिक स्पर्धा भरली, तेव्हा खेळाडूंच्या निवासाला जिने होते. त्यांना उचलून वर-खाली न्यायला सैनिकांची मदत घ्यावी लागली. 1972 चे ऑलिंपिक म्युनिकला झाले, पण तेथील क्रीडाग्रामातील घरे खासगी वापरासाठी द्यायची असल्याने दिव्यांगांची स्पर्धा हायडेलबर्गला हलवावी लागली. 1980 साली सोव्हिएत संघाने यजमानपदच नाकारले. ऑलिंपिकच्याच शहरात, त्याच क्रीडागारांत नियमितपणे प्रवेश मिळू लागण्यास 1988 चे सोल उजाडावे लागले.

बाजूला सारलेल्या त्या हायडेलबर्गच्या स्पर्धेत भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळाले. ते मिळवणारे मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातले. 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेल्या या जवानाने 50 मीटर पोहण्याची शर्यत जिंकली. मात्र पद्मश्री सन्मान त्यांना 2018 साली लाभला. पराक्रम आणि त्याची दखल यांच्यामध्ये 46 वर्षे उलटली होती.

पॅरिसच्या सोहळ्यातील नृत्यनाट्याचा विषयही याच्याशी निगडित होता. एका बाजूला शिस्तीत चालणारा, काळ्या पोशाखातला, एकसारखा समाज. दुसऱ्या बाजूला वेगवेगळ्या शरीरांचे, रंगीत वेशातले दिव्यांग कलावंत. आरंभी दोन्ही गट परस्परांना अनोळखी होते. हळूहळू त्यांची पावले जुळत गेली. दक्षिण आफ्रिकेचा नर्तक मुसा मोथा एका पायावर आणि कुबड्यांच्या साहाय्याने नाचला, तेव्हा कुबडी हे त्याच्या नृत्याचेच अंग वाटू लागले. रात्री पाच फ्रेंच खेळाडूंनी मिळून तुइलरी उद्यानातील ज्योतपात्र उजळले.

परंतु दुसऱ्या दिवशीचे पॅरिस निराळे होते. तेथील जुन्या भुयारी रेल्वेच्या बहुतेक स्थानकांत जिनेच जिने आहेत. चाकाच्या खुर्चीने सर्व स्थानकांवर चढता-उतरता येईल असा मार्ग प्रामुख्याने चौदाव्या क्रमांकाचा. ज्या नगरीने राजमार्ग सपाट केला, त्याच नगरीत खेळाडूला नित्याचा प्रवास करणे अवघड जावे, हा त्या सोहळ्यातील अंतर्विरोध होता. तो केवळ पॅरिसचा नाही.

भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 मध्ये झाला. 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाला त्याने मान्यता दिली आणि सार्वजनिक वास्तू सर्वांना सुगम असाव्यात असे बंधन घातले. तरीही कितीतरी शाळा, मंगल कार्यालये, वाचनालये आणि दवाखाने आजही पाच-सहा पायऱ्या चढूनच गाठावे लागतात. घरच्या लग्नात आजोबांना खुर्चीसकट चौघे उचलतात आणि त्या चौघांचे कौतुकही होते. आजोबांच्या मनातील संकोच मात्र कोणी विचारात घेत नाही. उचलून नेण्यात माया असते. पण उतरंड बांधण्यात आदर असतो. मायेला प्रत्येक वेळी माणूस शोधावा लागतो, उतरंड मात्र कायम हजर असते.

पॅरिसमध्ये भारताने 29 पदके मिळवली. सुमित यांनी सुवर्णपदक राखले, सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्य जिंकले. भाग्यश्री यांना पदक मिळाले नाही. परंतु उद्घाटनाच्या सायंकाळी कोणाचेही पदक ठरलेले नव्हते, आणि तरीही हजारो प्रेक्षक प्रत्येक पथकासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. माणसाचा मान त्याने काही जिंकण्याआधीच असतो, हे त्या टाळ्यांनी सांगितले. आता तो मान टाळ्यांपुरता न राहता आपल्या उंबऱ्यापर्यंत यायला हवा. त्यासाठी भव्य चौक लागत नाही, थोडी वाळू, थोडे सिमेंट आणि दारासमोरची पायरी नीट पाहण्याची दृष्टी पुरेशी आहे.