हातातील विद्या

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील रीतीने ठासणीची रायफल आजही हाताने घडवितात. मेपलच्या लाकडाचा दस्ता कोरताना कारागीर लोखंडी नळीस काजळी लावून ती लाकडावर टेकवितो आणि जेथे डाग उमटेल तेवढेच लाकूड पटाशीने काढतो. एक कपची अधिक निघाली, की फट कायमची राहिली! ही सर्व कृती १९६९ च्या एका चित्रपटात नोंदलेली आहे. परंतु चित्रपट पाहून हात तयार होत नाही. म्हणून तेथे पगारी उमेदवार वर्षानुवर्षे वस्तादाजवळ शिकतात. आम्ही मात्र जुनी शस्त्रे दिवाणखान्यात मिरवितो, आणि मुलाने पटाशी धरली तर कपाळास आठ्या घालतो. कारागिरास मान व उमेदवारास वेतन दिल्यावाचून कोणतीही कला जगणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो.