भाषेचा हिशेब

भाषेचा अभ्यास म्हणजे शुद्धलेखनाचे नियम आणि व्याकरणाचे पाठांतर, असा सर्वसाधारण समज आहे. भाषाविज्ञान मात्र ‘कसे बोलावे’ हे सांगत नाही. लोक कसे बोलतात आणि का, हे तपासते. त्याच्या तीन वाटा प्रारंभी समजून घ्याव्यात.

पहिली वाट इतिहासाची. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांपाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा मराठी लेख आहे. चामुंडरायाने मूर्ती करविल्याची हीच नोंद तेथे कन्नड व तमिळ भाषांतही कोरलेली आहे. ‘चावुण्डराजें’ या शब्दात ‘एं’ प्रत्यय जे कार्य करतो, ते आज ‘ने’ करतो. भाषा बदलते, परंतु तिचा बदलही नियमाला धरून असतो.

दुसरी वाट वर्तमान रचनेची. स्विस अभ्यासक फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर 1916 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भाषेची आजची घडण स्वतंत्रपणे अभ्यासता येते, हे त्यांनी दाखविले. भोकर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि तेलंगण येथून जवळ आहे. या सीमाभागात मराठी, दखनी आणि तेलुगू यांचा शेजार जुना आहे. मराठीत ‘भूक लागली म्हणून आला’, दखनीत ‘भूक लगी बोलके आया’, तर तेलुगूत ‘आकलेसिंदनि वच्चाडु’. ‘म्हणून’, ‘बोलके’ आणि ‘अनि’ या तिन्हींचा मूळ अर्थ ‘बोलून’ असाच आहे. शब्द तीन, बांधणी एक. दखनीतील ‘बोलके’ ही म्हणूनच बिघडलेली हिंदी नव्हे; तो शेजाराचा ठेवा आहे.

तिसरी वाट समाजाची. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील बोलींविषयी जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील जैन कुटुंबे घरी कन्नड बोलत, मुस्लिम कुटुंबे उर्दू; परस्परांशी व्यवहार बहुधा मराठीत होई. दीर्घ सहवासाने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतील वाक्य दुसरीत नेता येई. तरीही घरची भाषा कोणी सोडली नव्हती.

आज अनेक व्यापारी घरांत आजी-आजोबांची मारवाडी किंवा गुजराती नातवंडांना समजते, पण बोलता येत नाही. मराठी व इंग्रजी उत्तम येण्यासाठी घरची बोली सोडावी लागते, हा समज कुपवाडने खोटा ठरविला आहे. मराठी आणि इंग्रजी शाळेत शिकता येतील. आजीची बोली मात्र आजीजवळच मिळते.

यासाठी एक वही पुरेशी आहे. नातेसंबंध, स्वयंपाक, वजनमापे आणि चोपडीतील शब्द ज्येष्ठांच्या तोंडून पूर्ण वाक्यासह टिपावेत, मोबाइलवर आवाजही साठवावा. टिपताना दुरुस्ती करू नये. जसे ऐकले तसेच लिहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूल अडखळत का होईना, त्या बोलीत बोलू लागले तर त्याला हसू नये.