विश्लेषण : एक आक्रमक कोपरारक्षक आला, की कबड्डी संघाचा बचाव खरंच बदलतो का?

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारताने इराणविरुद्ध ३३-२९ असा जिंकला. एका चढाईच्या निर्णयावरून हा सामना बराच वेळ थांबला होता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार भारताच्या संघात होता, तर इराणच्या संघात होता बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई.

दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणने शादलुईवर तब्बल २ कोटी ३५ लाख रुपये लावले. परदेशी खेळाडूसाठी तोवर लागलेली ही सर्वात मोठी बोली होती. अस्लम त्या हंगामात पुण्याचा कर्णधार झाला. समोरासमोर उभे असलेले दोघे आता एकाच बाजूला आले आणि १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने पहिल्यांदा प्रो कबड्डीचं विजेतेपद पटकावलं.

मग हे विजेतेपद एका महागड्या बचावपटूमुळे मिळालं, असं म्हणायचं का? शादलुई त्यानंतर आणखी दोन संघांकडून खेळला. एका संघाने करंडक उचलला, दुसरा बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. तेव्हा उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

पकडीची किंमत एका गुणापेक्षा जास्त कशी?

गुणफलकावर यशस्वी पकडीचा एकच गुण दिसतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड झाली, तर ती 'सुपर टॅकल' ठरते आणि दोन गुण मिळतात. पण खरा परिणाम गुणफलकाबाहेर होतो.

पकडला गेलेला चढाईपटू मैदानाबाहेर जातो. त्याच्या संघाने पुढचा गुण मिळवून त्याला परत आणेपर्यंत तो बाकावर बसतो. त्याच वेळी पकड करणाऱ्या संघाचा बाद झालेला एक खेळाडू आत येतो. म्हणजे एका पकडीने समोरचा सर्वात धोकादायक माणूस बाहेर जातो आणि आपला एक माणूस वाढतो. सामना ४० मिनिटांचा असतो. त्यातली दहा-पंधरा मिनिटं मुख्य चढाईपटू बाकावर राहिला, तर त्या संघाची निम्मी ताकद तिथेच संपते. पुढे त्याच्या साथीदारांवर ताण येतो, एकेक बाद होत जातो आणि संघावर लोण चढतो. लोणाचे दोन गुण वेगळे.

डाव्या कोपऱ्यात उभा असलेला नेमकं काय करतो?

बचावाच्या सात जणांची रचना साधारण अर्धवर्तुळासारखी असते. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला साथ देणारे, मग दोन मध्यरक्षक म्हणजे कव्हर आणि मधोमध एक खेळाडू.

प्रत्येकाचं काम वेगळं. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो किंवा परत फिरायला वळतो, त्या क्षणी कोपरारक्षक घोटा किंवा मांडी धरतो. मध्यरक्षक त्याच्या मध्यरेषेकडे परतण्याच्या वाटेत आडवा येतो किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलतो. कोपऱ्याने पाय धरला आणि मध्यरक्षक वेळेवर आला नाही, तर चढाईपटू दोघा-तिघांना ओढत मध्यरेषा गाठतो. मग ज्यांनी ज्यांनी हात लावला, ते सगळे बाद. म्हणूनच कबड्डीत एकट्याची पकड क्वचित असते. सुरुवात एक जण करतो, पूर्ण दुसरा करतो.

शादलुई वेगळं काय करतो?

नवव्या हंगामात पुण्याचा डावा कोपरा इराणच्याच फझल अत्राचलीकडे होता. तो कर्णधारही होता. फझलची ओळख संयमाची. चढाईपटूने चूक करेपर्यंत थांबायचं, साखळी सांभाळायची आणि मग घोटा धरायचा. त्या हंगामात पुणे अंतिम फेरीत पोहोचलं, पण जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असं हरलं.

शादलुईची रीत उलट आहे. चढाईपटू स्थिरावण्याआधीच तो पुढे झेपावतो. कोपरा सोडून तो थेट अंगावर येतो.

याचा फायदा घड्याळात दिसतो. चढाईला ३० सेकंद मिळतात. अनुभवी चढाईपटू पहिली काही सेकंदं बचावाचा अंदाज घेण्यात घालवतो. कोपरारक्षक कधीही झडप घालेल अशी भीती असली, की तो त्या बाजूला खोल जात नाही आणि दुसऱ्या बाजूकडे सरकतो. दहा मीटर रुंद मैदान त्याच्यासाठी अरुंद होतं आणि त्याची पुढची चाल ओळखणं इतरांना सोपं जातं. जोखीम नको म्हणून तो रिकाम्या हाताने परतला, तर तेही बचावाच्या पथ्यावर पडतं. कारण लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी 'डू ऑर डाय' असते. गुण मिळवा नाहीतर बाद व्हा.

तोटाही तितकाच मोठा आहे. झेप चुकली, की चढाईपटूला आयता गुण मिळतो आणि सर्वात महाग बचावपटू स्वतः बाकावर जातो. लवकर झेपावणारा खेळाडू साखळीतून सुटून पुढे गेलेला असतो. मागे उरलेल्यांना त्याची चाल आधी कळली नाही, तर ते मदतीला उशिरा पोहोचतात.

अमेरिकन फुटबॉलमध्येही हाच प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एक खास बचावपटू असतो. त्याला पास रशर म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने मायका पार्सन्स या पास रशरला डॅलस काउबॉइजकडून घेतलं आणि त्याच्याशी ४ वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला.

तिथेही हिशोब त्याने क्वार्टरबॅकला किती वेळा पाडलं एवढ्यावर थांबत नाही. तो धावून आल्याने क्वार्टरबॅकला घाईने चेंडू फेकावा लागतो आणि मागे उभ्या असलेल्या बचावपटूंचं काम हलकं होतं. पण मागचे ढिले असतील, तर घाईने फेकलेला चेंडूही प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतो. दबाव एकाने आणायचा आणि त्याचा फायदा इतरांनी घ्यायचा, हे सूत्र दोन्ही खेळांत सारखं आहे.

पुण्यात काय जुळून आलं?

शादलुई आला तेव्हा पुण्याचा बचाव आधीच उभा होता. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री आणि मध्यरक्षक म्हणून अबिनेश नादराजन व संकेत सावंत, हे तिघे आधीच्या हंगामातही पुण्याकडेच होते. अस्लम आणि मोहित गोयत हे दोघे अष्टपैलू. चढाई करून आल्यावर ते बचावात नुसते उभे राहत नाहीत, पकडही करतात. त्यामुळे शादलुईच्या बाजूने सुटून दुसरीकडे वळलेल्या चढाईपटूला कच्चा दुवा सापडत नव्हता.

प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या या संघाने साखळीतल्या २२ पैकी फक्त २ सामने गमावले आणि ९६ गुणांसह पहिलं स्थान मिळवलं. शादलुईने हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले. एका हंगामातला पकडींचा सर्वोच्च आकडा १०० आहे, तो सहाव्या हंगामात नितेश कुमारने गाठला होता. सर्वोत्तम बचावपटूचा मान शादलुईला मिळाला, पण हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला तो अस्लम.

यामागेही तर्क आहे. बचाव पकडी करत राहिला, की बाद झालेला मुख्य चढाईपटू लवकर आत येतो आणि त्याला प्रत्येक चढाईत जीव धोक्यात घालावा लागत नाही. शादलुईच्या पकडींनी अस्लमला मैदानावर जास्त वेळ दिला. अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सविरुद्ध पुणे २८-२५ असं जिंकलं, तेव्हा सर्वाधिक ९ गुण होते पंकज मोहितेचे. एकाच चढाईत त्याने मिळवलेल्या ४ गुणांनी सामना फिरला.

एकच खेळाडू, पण निकाल वेगवेगळे का?

शादलुईची कारकीर्द एका ओळीत मांडली, तर चित्र स्पष्ट होतं.

• आठवा हंगाम, पाटणा पायरेट्स : पकडींचे ८९ गुण, संघ अंतिम फेरीत.
• नववा हंगाम, पाटणा पायरेट्स : ८४ गुण, एका सामन्यात १६ गुणांचा विक्रमही. तरी संघ बाद फेरीबाहेर.
• दहावा हंगाम, पुणेरी पलटण : ९९ गुण, संघ विजेता.
• अकरावा हंगाम, हरियाणा स्टीलर्स (बोली २ कोटी ७ लाख) : ८२ गुण, संघ विजेता.
• बारावा हंगाम, गुजरात जायंट्स (बोली २ कोटी २३ लाख) : संघ पहिल्या आठातही नाही.

पहिल्या दोन ओळी एकत्र वाचण्यासारख्या आहेत. संघ तोच, खेळाडू तोच, पकडींच्या गुणांत फरक फक्त ५ चा. पण एकदा अंतिम फेरी आणि एकदा थेट घरी. म्हणजे शादलुईचे स्वतःचे गुण जवळपास ठरलेले असतात, निकाल ठरतो तो इतरांवर. हरियाणात त्याला जयदीप दहियासारखा मध्यरक्षक आणि राहुल सेतपालसारखा भक्कम बचावपटू मिळाला. हे दोघेही आधीपासून तिथेच होते. पाटण्याविरुद्धचा अंतिम सामना हरियाणाने ३२-२३ असा जिंकला. त्यात शादलुईचे ७ गुण होते आणि महाराष्ट्राचा चढाईपटू शिवम पटारेचे ९. पुण्याच्या अंतिम सामन्याचीच ही दुसरी आवृत्ती होती.

आणि शादलुई गेल्यावर पुण्याचं काय झालं? अकराव्या हंगामात संघ बाद फेरी गाठू शकला नाही. पण त्याचं सगळं कारण रिकाम्या कोपऱ्यात शोधणं चुकीचं ठरेल, कारण त्याच हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला. तो परतल्यावर बाराव्या हंगामात, शादलुई नसतानाही, पुणे साखळीत अव्वल राहिलं. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असं हरवलं. गौरव आणि अबिनेशची जोडी तेव्हाही संघात होती.

पैशाचं गणित काय सांगतं?

दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटी रुपयांची मर्यादा होती. त्यातले २ कोटी ३५ लाख एकावर गेले, म्हणजे ४७ टक्के. उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत बाकीचा संपूर्ण संघ. त्या लिलावात सर्वात खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत ९ लाख होती. एका शादलुईच्या पैशात असे २६ खेळाडू आले असते.

पुण्याला हे परवडलं, कारण अस्लम, मोहित यांच्यासारखे खेळाडू 'नवे तरुण खेळाडू' या गटातून आले होते. या गटातल्या खेळाडूंवर लिलावात चढाओढ होत नाही, संघ त्यांना थेट करारबद्ध करतो. अस्लम आठव्या हंगामात पहिल्यांदा खेळला आणि तिसऱ्याच हंगामात कर्णधार म्हणून करंडक उंचावला. गावच्या मैदानावर, तालीम संघांत आणि संघांच्या अकादमीत घडलेली पोरं कमी पैशात तयार मिळाली, म्हणून एका कोपऱ्यावर निम्मी थैली रिकामी करता आली. ज्या संघाकडे ही फळी नसते, त्याच्यासाठी तीच बोली ओझं ठरते.

पुढच्या लिलावात काय पाहायचं?

शादलुईवर सलग तीन लिलावांत २ कोटींच्या वर बोली लागली. पुढेही एखादा संघ एखाद्या बचावपटूवर असाच पैसा ओतेल आणि 'बचाव बदलणार' अशा बातम्या येतील. तेव्हा तीन गोष्टी तपासता येतील. त्याच्या शेजारचे मध्यरक्षक किमान एक हंगाम एकत्र खेळलेले आहेत का? समोरच्या कोपऱ्यात तोलामोलाचा जोडीदार आहे का? आणि पकडीमुळे मिळालेला वेळ गुणांत बदलणारा चढाईपटू संघात आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर नवा बचावपटू संघाला वरच्या पायरीवर नेऊ शकतो. एकही 'नाही' असेल, तर त्याच्या नावावर ऐंशी-नव्वद गुण जमतील आणि संघ तिथेच राहील.

नगर जिल्ह्यासाठी यात वेगळा मुद्दा आहे. पुण्याच्या विजेतेपदानंतर तीनच आठवड्यांत, मार्च २०२४ मध्ये, पुरुषांची ७० वी वरिष्ठ राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्क मैदानावर झाली. अस्लमकडे पाहून मैदानात उतरणाऱ्या बहुतेक पोरांना चढाईपटूच व्हायचं असतं, कारण टाळ्या तिथे पडतात. पण करंडक जिंकणाऱ्या दोन्ही संघांचा हिशोब मांडला, तर कोट्यवधींच्या कोपरारक्षकाला उपयोगी ठरवणारी माणसं होती त्याच्या शेजारी उभी असलेली, वेळेवर आडवी येणारी. मध्यरक्षक शोधणारे आणि घडवणारे प्रशिक्षक जिथे असतील, तिथल्या खेळाडूंना संघांची दारं उघडी राहतील.